धारेचे आयुष्य

नागपुराहून कलकत्त्याकडे जाणाऱ्या हमरस्त्याने पूर्वेस निघाले म्हणजे सुमारे साठ किलोमीटरांवर भंडारा लागते, आणि शहर मागे पडते न पडते तोच कारध्याच्या पुलाखाली वैनगंगेचे रुंद पात्र पसरलेले दिसते. हा मुलूख तळ्यांचा. कोहळी मंडळींनी पिढ्यान् पिढ्या बांध घालून अडविलेले पाणी, त्या पाण्यावर पिकणारे धान, आणि धानाच्या बांध्यांमधून मधूनच डोके वर काढणारी काळी टेकाडे, असे या जिल्ह्याचे रूप आहे. १९९९ साली गोंदिया वेगळा झाल्यामुळे जिल्हा आकाराने लहान झाला, तरी चिन्नोर तांदूळ, आंधळगावचे कोशाचे कापड आणि भंडाऱ्याची पितळेची भांडी ही त्याची जुनी मिळकत त्याच्यापाशीच राहिली. गावाच्या नावाचा संबंध पुष्कळ लोक भांड्यांशी जोडतात. पण जुन्या गॅझेटियरकर्त्यांनी रतनपूरच्या इ. स. ११०० मधील शिलालेखातील 'भानारा' या नावाकडे बोट दाखविले आहे. व्युत्पत्ती काहीही असो, धातू आणि हे गाव यांची सोयरीक जुनी आहे खरी.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी अद्याप लग्नातली पितळी घागर माळ्यावर आहे, त्यांस ही सोयरीक सांगावयास नको. मात्र आम्ही या खेपेस तेथे गेलो ते घागरी पाहावयास नव्हे. पितळ हा मवाळ धातू. तांबटाच्या हातोडीला तो ऐकतो, लेथवर धरला तर त्याचा कीस भुरभुर उडतो. भंडारा जिल्ह्यात गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत जो दुसरा धातू येऊन बसला आहे, त्याची गोष्ट निराळी. तुमसर तालुक्यातील चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी आहेत, आणि मँगनीजवाचून पोलाद धड होत नाही. लोखंडातील गंधकाला ते आपल्याशी बांधून घेते, नाही तर तापलेले पोलाद घणाखाली फुटावयाचे. भंडारा रोड स्टेशनाजवळ वरठी येथे सनफ्लॅगचा कारखाना १९८९ पासून मिश्र पोलादाच्या कांबी काढीत आहे. आणि पूल ओलांडून लाखनीच्या वाटेने गेले की गडेगाव येथे अशोक लेलँडचा कारखाना आहे. १९८२ साली तो उभा राहिला आणि मालमोटारींच्या गिअरबॉक्सकरिता नावाजला. रस्त्याने धूळ उडवीत जाणारी एखादी अवजड मालमोटार घाट चढताना जो दम धरते, तो दम पुष्कळदा या धानाच्या बांध्यांशेजारी घडलेला असतो.

मोठा वृक्ष असला म्हणजे त्याच्या सावलीत लहान झाडे उगवतात. मोठ्या कारखान्यांना लागणारे सुटे भाग करून देणाऱ्या छोट्या कर्मशाळा या भागात आहेत. त्यांपैकी एकीत आमच्या एका स्नेह्यांच्या ओळखीने आम्हांस एक सबंध दिवस बसावयास मिळाले. कर्मशाळा दोघा भावांची. वडील भाऊ आयटीआयमध्ये शिकून लेथवर हात बसविलेले. धाकटे हिशेब आणि वसुली पाहतात. दोन लेथ, एक जुने मिलिंग मशीन, आणि बँकेच्या कर्जाने घेतलेले एक संगणकाच्या हुकमतीने चालणारे यंत्र, ज्याला तेथे सर्वजण 'व्हीएमसी' म्हणतात, एवढा संसार. त्या यंत्रावर काम करते ती धाकट्या भावाची मुलगी. तिने यंत्रशास्त्राची पदविका घेतली आहे आणि वडील काकांना विदर्भातील रीतीप्रमाणे ती 'मोठे बाबा' म्हणते. घर कर्मशाळेच्या पाठीमागेच; मधल्या दाराने फोडणीचा वास आणि यंत्राच्या तेलाचा वास एकमेकांत मिसळतात.

आम्ही गेलो त्या दिवशी या एकत्र कुटुंबात एका मुद्द्यावर मतभेद चालू होता, आणि तो मुद्दाच आमच्या लेखाचा विषय आहे. एका मोठ्या गिऱ्हाइकाचे काम येऊ घातले होते. घडीव पोलादाच्या शाफ्टांवर किल्ली बसण्यासाठी लांबट खाच पाडावयाची; कारखान्यात तिला 'कीवे' म्हणतात. शाफ्ट गिऱ्हाइकाचे, खाच यांची, आणि भाव नगावर ठरलेला. खाच ही शाफ्टवरील शेवटल्या कामांपैकी एक. तोवर त्या तुकड्यावर घडाई, कातकाम इत्यादि सर्व खर्च होऊन गेलेला असतो. खाच पाडताना कटर तुटला तर कटराची किंमत जाते ती जातेच, शिवाय शाफ्टही भरून द्यावा लागतो. मागे अशाच एका कामात तीन शाफ्ट भरून द्यावे लागले, आणि त्या महिन्याचा बँकेचा हप्ता घरातील एक दागिना मोडून भरला गेला, असे धाकट्या भावांनी आम्हांस जेवताना शांतपणे सांगितले. यंदा भाव कबूल करण्यापूर्वी एकच गोष्ट ठाऊक असणे जरूर होते : एक कटर किती वेळ टिकतो? बाजारात दोन जातींचे कटर होते. एक नामांकित, एक स्वस्त. स्वस्ताची किंमत महागाच्या पाच हिश्शांत दोन. मुलीचे म्हणणे, दोन्ही जातींचे तीन-तीन कटर मुद्दाम झिजवून पाहावे. मोठ्या बाबांना हे पटत नव्हते.

"नवी वस्तू मोडून पाहायची, अन् मंग म्हनायचं का चांगली होती! काहून?" असे ते म्हणाले.

"मोठे बाबा, न मोडता समजलं असतं तर मी कशाला मोडली असती?"

येथे या कटराची थोडी ओळख करून देणे भाग आहे. करंगळीएवढ्या जाडीची, बोटभर लांबीची, काळसर निळी झाक असलेली ही कांडी हातात घेताच प्रथम जाणवते ते तिचे वजन. ती पोलादाची नाही. टंगस्टन आणि कर्ब यांच्या संयोगाचे अतिसूक्ष्म चूर्ण घ्यावयाचे, त्यात शेकडा सहापासून बारापर्यंत कोबाल्ट मिसळावयाचे, दाबून कांडी करावयाची आणि सुमारे १४०० अंश सेल्सियसला भाजावयाची. कोबाल्ट वितळून कणाकणांमध्ये शिरते आणि त्यांस जखडून ठेवते. कांडी भट्टीत आक्रसून लहान होते, आणि मग तिला धार लावावयास हिऱ्याच्या चाकाखेरीज दुसरे काही चालत नाही. रव्याच्या लाडवात पाक जे काम करतो तेच येथे कोबाल्ट करते असे म्हटले तर गृहिणींस ते चटकन समजेल. पाक कमी पडला तर लाडू कडक पण ठिसूळ होतो, जास्त पडला तर मऊ. कटराचे अगदी असेच आहे. कठीणपणा आणि चिवटपणा या दोन सवती एका घरात नांदवावयाच्या असतात.

ही युक्ती निघाली ती कारखान्याकरिता नव्हे, दिव्याकरिता. विजेच्या दिव्यातील टंगस्टनची तार केसाहून बारीक ओढावयास हिऱ्याच्या छिद्रांतून काढावी लागे, आणि हिरे परवडत ना. तेव्हा बर्लिनच्या ओस्राम कंपनीतील कार्ल श्रोटर याने १९२३ साली हिऱ्याला पर्याय म्हणून हा पदार्थ सिद्ध करून त्याचे पेटंट घेतले. पुढे क्रुप कंपनीने तो 'विडिया' या नावाने, म्हणजे 'हिऱ्यासारखा' या अर्थाच्या जर्मन शब्दांची संधी करून, १९२७ साली लाइपझिगच्या जत्रेत मांडला. आपल्याकडील जुने कारागीर अद्याप कोणत्याही कार्बाइडच्या हत्याराला 'विडिया' म्हणतात. मोठे बाबाही म्हणतात.

आणि एक योग पाहा. साकोलीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्राचीन खडकांचा जो पट्टा या जिल्ह्यातून शेजारच्या नागपूर जिल्ह्यातील कुहीकडे जातो, त्यात खोबना, आगरगाव या भागी टंगस्टनची खनिजे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने शोधली आहेत. प्रमाण अत्यल्प असल्यामुळे तेथे खाण चालत नाही. देशाला लागणारे टंगस्टन जवळजवळ सर्व बाहेरून येते, आणि जगातील टंगस्टनाच्या उत्पादनापैकी फार मोठा हिस्सा एकट्या चीनचा आहे. ज्या मातीखाली मूळ द्रव्य निजलेले आहे, त्याच मातीवर बसून हे कुटुंब परदेशी चूर्णाच्या कांडीचे आयुष्य मोजीत होते. लाखनीच्या बाजूस पोहरा म्हणून गाव आहे. तेथील सिलिमनाइट आणि कुरुंद हे पाषाण भूशास्त्रज्ञांत प्रसिद्ध आहेत. कुरुंद म्हणजे हिऱ्याच्या खालोखालचा कठीण दगड. पाश्चात्त्यांचा 'कोरंडम' हा शब्द त्यांनी आपल्या दक्षिणेतील भाषांतूनच उचलला. कटरावर जी काळसर निळी झाक आम्हांस दिसली, ती टिटॅनियम, ॲल्युमिनियम आणि नायट्रोजन यांच्या काही सहस्रांश मिलिमीटर जाडीच्या लेपाची. कापताना धार तापली की या लेपावर ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडचा पातळ पापुद्रा धरतो आणि तो आतील कार्बाइडला उष्णतेपासून राखतो. ॲल्युमिनियमचा ऑक्साइड म्हणजेच पोहऱ्याच्या कुरुंदाचे द्रव्य!

असो. मोठ्या बाबांनी अखेर "तुमचं तुम्ही पाहा" म्हटले, त्याचा अर्थ संमती असा त्या घरात होतो, आणि परीक्षेस आरंभ झाला.

आमची कल्पना अशी की, कटर लावावा, यंत्र सुरू करावे आणि घड्याळाकडे पाहात बसावे. प्रत्यक्षात पहिला दीड तास कापण्याचे नावही कोणी काढले नाही. शाफ्ट ज्या पोलादाचे होते त्याच पोलादाचा तीनशे मिलिमीटर लांबीचा ठोकळा मुलीने आणविला होता. निकेल, क्रोमियम आणि मॉलिब्डेनमचे हे मिश्रण. कारखान्यांत त्यास 'ईएन २४' म्हणतात. त्याचा कडकपणा चार ठिकाणी तपासून झाला. मग कटर कॉलेटमध्ये धरून, स्पिंडल हाताने हळूहळू फिरवीत, तिने डायलचा काटा कटराच्या अंगाला टेकविला. काटा किंचित हलला. तिने कटर काढला, कॉलेट पुसले, पुन्हा बसविला. काटा पुन्हा हलला. असे चार वेळा झाले.

आम्ही विचारले, इतक्या सूक्ष्म हालचालीने काय बिघडते? तिने हिशेब करून दाखविला. कटराला चार दात. प्रत्येक दाताने एका फेऱ्यात एक शतांश मिलिमीटराच्या चौपट, म्हणजे ०.०४ मिलिमीटर घास घ्यावयाचा. आता कटर जर ०.०२ मिलिमीटरने वाकडा बसला, तर एका दाताच्या वाट्यास दीडपट घास येतो आणि समोरचा दात अर्धपोटी राहतो. दीडपट खाणारा दात आधी मरतो, आणि दोष मात्र कटर करणाऱ्याला लागतो. "यंत्र वाकडं असलं तर आपण यंत्राची परीक्षा घेतो अन् निकाल कटराचा लावतो," असे ती म्हणाली. पंक्तीत वाढप्याने एकाच्याच पानावर लाडू वाढीत राहावे आणि मग त्याला अजीर्ण झाले म्हणून आचाऱ्यास बोलावे, त्यातलाच हा प्रकार.

कटराचा व्यास १० मिलिमीटर. धार मिनिटाला शंभर मीटर या वेगाने धातूवरून जावी असे ठरविले होते. त्यासाठी स्पिंडलने मिनिटाला सुमारे ३,१८० फेरे घ्यावयाचे. म्हणजे प्रत्येक दात एका सेकंदात पोलादावर त्रेपन्न वेळा आदळणार. मिलिंगची गोम येथेच आहे. लेथवरील हत्यार एकदा धातूत शिरले की शिरून राहते. मिलिंगच्या कटराचा दात मात्र शिरतो, बाहेर येतो, पुन्हा शिरतो. तापतो, निवतो, पुन्हा तापतो. अर्ध्या तासात एकेका दाताला पंचाण्णव हजारांहून अधिक ठोसे बसतात. तेवढ्या वेळात कटर ठोकळ्याच्या कडेने पंधरा मीटर चालून जातो, म्हणजे आमच्या नेहमीच्या सकाळच्या फेरीचा शतांशही नव्हे. पण त्यास ते चालणे ठोसे खात करावयाचे असते.

यावरूनच एक शहाणपणाची गोष्ट कळली. कापताना पाणी-तेलाचे मिश्रण, ज्यास 'कूलंट' म्हणतात, ते सोडले की हत्यार थंड राहून अधिक टिकेल असे कोणासही वाटेल. पण कार्बाइडच्या कटराचे मिलिंगमध्ये पुष्कळदा उलट होते. तापलेल्या कंदिलाच्या काचेवर पाण्याचा थेंब पडला म्हणजे काय होते हे ज्यांनी कंदिलाचे दिवस पाहिले त्यांस ठाऊक आहे. धारेवर फणीच्या दातांप्रमाणे आडव्या बारीक चिरा पडतात आणि तेथून तुकडे उडू लागतात. म्हणून एक तर कूलंटचा धबधबा अखंड हवा, नाही तर मुळीच नको. अर्धवट शिंपण सर्वांत वाईट. येथे केवळ हवेचा झोत सोडून कीस उडविला जात होता. कीस निळा-जांभळा होऊन उडे. धारेची बहुतेक उष्णता तोच घेऊन जातो, म्हणून तो निळा दिसला की जाणती माणसे समाधान पावतात.

पहिला नामांकित कटर लागला. ठोकळ्याची एक फेरी पस्तीस सेकंदांत संपे. दर काही मिनिटांनी यंत्र थांबवून मुलगी कटर सूक्ष्मदर्शकाखाली धरी आणि वहीत आकडा लिही. आम्हांसही डोळा लावावयास मिळाला. धारेच्या मागील अंगावर झिजेचा एक लखलखीत पट्टा दिसतो. विळीची धार गेली हे आपणांस मेथी चिरली न जाता चेंगरू लागते तेव्हा कळते. येथे चेंगरण्याची वाट न पाहता हा पट्टा मोजावयाचा. मिलिंगच्या कटरांच्या आयुष्याच्या परीक्षेसाठी १९८९ साली जो आंतरराष्ट्रीय दंडक प्रसिद्ध झाला, त्यात साधारण निकष असा आहे की, सर्व दातांवरील पट्ट्याची सरासरी रुंदी ०.३ मिलिमीटर झाली, अथवा कोणत्याही एका दातावर ती ०.५ झाली, की कटराचे आयुष्य संपले असे समजावे. ०.३ मिलिमीटर म्हणजे या मासिकाची तीन-चार पाने एकावर एक ठेवली तर होणारी जाडी. एवढ्या झिजेने हत्यार दिसावयास नवेच दिसते.

झीज सारखी वाढत नाही, हे वहीतील आकड्यांवरून आमच्याही ध्यानात आले. पहिल्या दोन-तीन मिनिटांत पट्टा झटकन उमटतो. नवी वहाण जशी आधी चावते आणि मग पायाशी जुळते तसे. नंतर पुष्कळ वेळ तो इतका हळू सरकतो की पाहणाऱ्यास जांभया येतात. आणि मग एकाएकी वेग घेतो. धार बोथट म्हणून अधिक तापते, आणि अधिक तापते म्हणून अधिक बोथट होते. परीक्षेचा सगळा अर्थ तो शेवटचा उतार कोठे सुरू होतो हे शोधण्यात आहे, कारण कटर त्याच्या अलीकडे उतरवावयाचा असतो. पहिला नामांकित कटर ४१ मिनिटे टिकला, दुसरा ४४ आणि तिसरा ३९.

मग स्वस्त कटरांची पाळी आली. एव्हाना मोठे बाबा, आपणांस या पोरखेळात रस नाही असे दाखवीत, जवळच एका लाकडी स्टुलावर येऊन बसले होते. पहिला स्वस्त कटर ३७ मिनिटे चालला. मोठ्या बाबांनी आमच्याकडे असे पाहिले की जणू आम्हीच महाग कटर विकावयास आलो होतो. दुसऱ्याने १९ व्या मिनिटास सूक्ष्मदर्शकाखाली एक दात टवका उडालेला दाखविला. तिसरा लागला तेव्हा सातवे मिनिट संपत आले असता मोठे बाबा स्टुलावरून एकदम उठले.

"आवाज बदलला. उतरव त्याले."

आमच्या कानांस काहीच फरक जाणवला नव्हता. मुलीने मान हलविली. झिजेचे आकडे तर ठीक होते. पुढल्या मिनिटात टणकन आवाज होऊन कटराचा शेंडा तुटून उडाला आणि यंत्राच्या दारावरील जाड काचेवर आपटला. काही वेळ कोणी बोलले नाही. मग मुलीने वही उघडून ८ हा आकडा लिहिला, आणि त्यापुढे, आम्ही वाकून पाहिले, 'मोठ्या बाबांना एक मिनिट आधी ऐकू आले' असेही लिहिले. आमच्या मते त्या दिवसातील सर्वांत शास्त्रशुद्ध नोंद तीच होती. पस्तीस वर्षांच्या कानाला जे कळते ते सूक्ष्मदर्शकाला कळत नाही, कारण सूक्ष्मदर्शक यंत्र थांबल्यावर पाहतो. पण कान दुसऱ्यास देता येत नाही, आणि रात्रपाळीला मोठे बाबा नसतात.

हत्याराच्या आयुष्याचा असा पद्धतशीर शोध प्रथम अमेरिकेतील फ्रेडरिक टेलर याने घेतला. हाच तो टेलर, ज्याने मजुरांच्या हालचालीही घड्याळ लावून मोजल्या आणि त्यापायी पुष्कळांचे शिव्याशाप घेतले. त्याचे लोखंड कापण्याचे प्रयोग सव्वीस वर्षे चालले. १९०६ साली त्याने ते अमेरिकन यंत्रशास्त्रज्ञांच्या सभेपुढे मांडले तेव्हा सांगितलेला आकडा ऐकून छाती दडपते : तीस ते पन्नास हजार नोंदलेले प्रयोग, आणि आठ लाख पौंड लोखंड-पोलादाचा केवळ कीस! त्यातून निघालेला नियम मात्र एका ओळीत मावतो. वेग वाढविला की आयुष्य घटते, आणि ते सरळ प्रमाणात न घटता घातांकाने घटते. कार्बाइडच्या हत्यारांकरिता साधारणपणे जो घातांक धरतात त्याप्रमाणे वेग एक-पंचमांश वाढविला की आयुष्य निम्म्यावर येते, आणि दुप्पट केला तर सोळावा हिस्सा उरतो. जुन्या हायस्पीड पोलादाच्या हत्यारांस तर एक-दशांश वाढही अर्धे आयुष्य घालवावयास पुरे. मोठे बाबा उभा जन्म यंत्र हळू चालवीत आले ते यामुळेच, टेलरचे नाव न ऐकताच. पुतणीचा युक्तिवाद असा की, हळू चालविण्याने कटर वाचतो पण यंत्राचा तास जातो, आणि बँकेचा हप्ता यंत्र हळू चालते की जलद हे विचारीत नाही.

आता हिशेब. तो कर्मशाळेत न होता रात्री जेवणानंतर ओसरीवर झाला, आणि त्यात घरातील वडीलधाऱ्या बाईंनीही भाग घेतला. धाकट्या भावांनी प्रथम सरळ गणित मांडले. महाग कटराचे पाच भाग दाम धरले, तर तीन कटरांचे पंधरा भाग आणि मिनिटे मिळाली १२४. स्वस्ताचे दोन भागांप्रमाणे सहा, आणि मिनिटे ६४. म्हणजे एका भागात महागाची सव्वाआठ मिनिटे, आणि स्वस्ताची साडेदहांहूनही अधिक. स्वस्त कटरच स्वस्त ठरला! मोठ्या बाबांनी सुपारी कातरण्यास सुरुवात केली.

मुलीने वडिलांच्या हातातील पेन्सिल घेतली. सरासरी काढून कटर वापरता येत नाही, असे तिचे म्हणणे. शाफ्टवर काम करताना कटर तुटण्याच्या आधी बदलावयाचा असतो. महाग कटर तिन्ही वेळा ३९ ते ४४ च्या दरम्यान गेला. म्हणजे ३० मिनिटांस निश्चिंतपणे बदलावा, आणि तसे केले तर एका भागात सहा मिनिटे पडतात. स्वस्त कटर ३७ मिनिटेही चालतो आणि ८ व्या मिनिटास तुटतोही. तो कोणता निघेल हे बाहेरून दिसत नाही. तेव्हा तो आठाच्या आत बदलावयास हवा. म्हणजे दोन भागांत आठ मिनिटेही नाहीत. एका भागात चारही पडत नाहीत. आणि न बदलला तर शाफ्ट. दागिन्याची गोष्ट कोणी काढली नाही, पण वडीलधाऱ्या बाईंनी "तीन शाफ्टांचे किती झाले होते रे?" असे धाकट्या मुलास विचारले, आणि त्यांनी आकडा सांगितला.

मुलगी आणखी एक गोष्ट बोलली, ती आम्हांस तिच्या वयाच्या मानाने विशेष वाटली. तीन कटरांवरून जातीची पारख करणे म्हणजे तीन शितांवरून भाताची परीक्षा, आणि तीही मोडक्या चुलीवरच्या. महाग कटरांतही एखादा दगाबाज निघणार नाही असे तिला छातीवर हात ठेवून सांगता येत नव्हते. त्यासाठी पुष्कळ कटर झिजवावे लागतील, आणि तेवढे तर महिन्याच्या कामात आपोआप झिजणारच आहेत. फक्त प्रत्येकाची मिनिटे, फेऱ्या आणि मृत्यूचे कारण वहीत लिहिले पाहिजे. कटर तयार करणाऱ्यांच्या सूचीपत्रांतील आकडे असतात ते त्यांच्या यंत्रावरचे आणि त्यांच्या पोलादावरचे. आपल्या यंत्राचे आकडे दुसऱ्या कोणापाशी मिळावयाचे नाहीत.

बरीच रात्र झाल्यावर जे ठरले ते असे. भाव महाग कटराचा धरून सांगावयाचा, मग गिऱ्हाईक मिळो वा न मिळो. खाच पाडण्यास महाग कटर, तिसाव्या मिनिटास बदललेला. स्वस्त कटर टाकून द्यावयाचे नाहीत. ठोकळ्यांचे ओबडधोबड कोपरे काढण्याच्या कामी, जेथे कटर तुटला तर कटरच जातो, तेथे ते चालवावयाचे. तिसाव्या मिनिटास उतरविलेल्या महाग कटरांत अजून जीव असतो. त्यांना नागपुरास पुन्हा धार लावून घेता येते का, याची चौकशी धाकट्या भावांनी करावयाची. दिवसपाळीस खाच पाडताना मोठ्या बाबांनी त्याच स्टुलावर बसावयाचे, आणि त्यांस आवाज बदललासा वाटला की यंत्र थांबवावयाचे. सूक्ष्मदर्शक काहीही म्हणो. ही शेवटची अट मुलीनेच घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो तेव्हा झिजलेले आणि तुटलेले सहा कटर खिडकीतील एका पत्र्याच्या डब्यात पडलेले होते. तो डबा फेकावयाचा नसतो. कार्बाइडची मोड घेणारे व्यापारी तिला साध्या लोखंडी मोडीच्या कितीतरी पट भाव देतात. तिच्यातील टंगस्टन आणि कोबाल्ट वेगळे करून पुन्हा चूर्ण होते, आणि चूर्णाची पुन्हा कांडी. डबा निम्मा भरला होता. व्हीएमसीवर नवा ठोकळा चढला होता, मुलगी डायलचा काटा कटराच्या अंगाला टेकवून स्पिंडल हाताने फिरवीत होती, आणि मोठे बाबा तिच्या खांद्यावरून पाहात, काटा हलतो की नाही हे तिच्या आधी सांगण्याच्या खटपटीत होते.